गुलाबी पंजे

गुरांच्या दवाखान्याच्या भिंतीवर मी अर्धी चढले आणि तिथंच अडकले. एक पाय अलीकडे, एक पलीकडे, साडीचा काठ कुठल्याशा खिळ्यात, आणि हातात दुधाची वाटी. वरून हस्ताचा पाऊस... बारीक, चिवट, थांबायचं नाव न घेणारा.

“मनू... ये गं... मनूऽऽ!”

“म्यांव,” खालून आवाज आला.

आवाज माणसाचा होता.

मी दचकून खाली पाहिलं. दवाखान्याच्या अंगणात एक तरुण उभा. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात थेट खांद्यापर्यंत चढवलेला रबरी हातमोजा. त्याच्या मागे बांधलेली म्हैसही माझ्याकडेच पाहत होती.

“मांजर तं नाई दिसत तुमी,” तो म्हणाला. “मांजर असती तं आतापर्यंत उतरली असती.”

“हसू नका! आमची मांजर हरवली हाय.”

“नाई हसत. द्या हात.” त्यानं हातमोज्याचा हात पुढे केला, मग स्वतःच ओशाळून मागे घेतला, दुसरा हात पुढे केला — आणि त्या गडबडीत छत्री चिखलात पडली. मी उतरले खरी, पण वाटीतलं दूध त्याच्या शर्टावर सांडलं.

तो हसला. मला मात्र रडू फुटलं. का, ते मलाही कळलं नाही. सांडलेल्या दुधासाठी कुणी असं रडतं का?

त्याचं हसू क्षणात विरलं. “बाई... काय झालं? नीट सांगा.”

आणि मी एका अनोळखी माणसाला, पावसात उभी राहून, सगळं सांगितलं.

मनू म्हणजे आमची करडी मांजर. नुसती मांजर असती तर वांकिडीच्या मराठी शाळेतली बाई असून मी भिंती चढत फिरले नसते. पण माझे वडील भिवाजी, मंडल ऑफिसातले कारकून, त्यांना उन्हाळ्यात लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. खाटेवर पडून ते नुसते छताकडे पाहायचे. मग एके दुपारी मनू त्यांच्या त्या निर्जीव हातावर जाऊन झोपली... आणि बाबांच्या बोटांनी हळूच तिची पाठ खाजवली. तिथून तो हात हलू लागला. तोंडातून एक शब्दही फुटला. “म... नू.” आईचं नाव नाही, माझं नाही. पण आम्ही दोघी त्या दिवशी आनंदानं रडलो होतो.

आता मनू नव्हती, आणि बाबांनी जेवण सोडलं होतं. आई पेजेचा चमचा ओठांशी न्यायची, ते तोंड भिंतीकडे फिरवायचे.

“एकटी मनूच नाई गेली,” मी डोळे पुसत म्हणाले. “शेजारच्या गयाबाईचा बोका गेला, फकिराच्या हॉटेलातली पांढरी गेली. कुत्रं मातर एकही गेलं नाई. म्हंजे कोनीतरी नुसत्या मांजरीच नेऊन राह्यलं.”

त्यानं भुवया उंचावल्या. “बाई, तुमी तं पोलिसावानी तपास करून राह्यल्या.”

“मी रहस्यकथा वाचते. चंद्रपूरच्या बसस्टँडवरून आणते.”

“मंग संशय कोणावर हाय?”

“गोष्टीत तं... गावात नवा आलेला माणूसच...” मी जीभ चावली.

तो नवा डॉक्टर होता. नागसेन. मावला गावचा. पोळ्याच्या सुमारास बदलून आला होता.

“मंग मले नजरेखाली ठेवा,” तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. “रोज शाळा सुटली का येऊन पाहत जा.”

*

आणि मी खरंच रोज जाऊ लागले. शाळा सुटली की तो आपली राजदूत मोटारसायकल दवाखान्यातच ठेवून माझ्यासोबत पायी निघायचा. आम्ही पडकी घरं पाहिली, कडब्याच्या गंज्या पाहिल्या, नाल्याकाठची झुडपं पाहिली. मनूला हाका मारताना तो प्रत्येक घरापुढे आवाज बदलायचा. एखादी कोंबडी आडवी आली की मात्र माझ्या मागे लपायचा.

“डाक्टर असून कोंबडीले भेता?”

“म्हशीचं कसं असते, ती आधी सांगते मंग मारते. कोंबडीचा काई भरवसा नाई.”

मी हसायचे. मग घरी यायचे, बाबांच्या गालफडांकडे बघायचे, आणि हसल्याचीच लाज वाटायची. रोज ती गालफडं थोडी आणखी आत ओढल्यासारखी दिसत. आई पदरानं त्यांचं तोंड पुसायची आणि माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचे... नाही, आजही नाही.

संध्याकाळी चंपतकाका यायचे. चंपतराव, बाबांचे बालमित्र. चौकात त्यांचं खता-बियाण्याचं दुकान. बाबा आजारी पडल्यापासून एक दिवस त्यांनी चुकवला नव्हता. बिस्किटांचा पुडा आणायचे, चहात बुडवून बाबांना भरवायचे, पेपर वाचून दाखवायचे. पण हल्ली बाबा त्यांच्याही हातचं खात नव्हते.

“पोरी,” एक दिवस निघताना काका हळूच म्हणाले, “त्या डाक्टरसंगं फिरू नको. गाव काय बोलून राह्यलं, तुले माहीत नाई.”

माहीत होतं. गयाबाईनंच नळावर सांगितलं होतं. “त्यो आला तवापासूनच मांजरी जाऊन राह्यल्या, बाई. हैद्राबादले धाडते म्हनते. तिथं शिकाऊ पोरं कापतेत त्यायले.”

“काहीतरीच काय, गयाकाकू!” मी हसले. पण ते हसू काही पोटापर्यंत पोचलं नाही.

*

रविवार होता. मी दवाखान्यात गेले तर कुणीच नव्हतं. पाऊस पत्र्यावर टपटपत होता. मी व्हरांड्यात वाट बघत बसले... आणि मला ऐकू आलं.

“म्याऽऽ...”

या वेळी आवाज माणसाचा नव्हता. मागच्या बंद खोलीतून येत होता. बारीक, चिरका, दमलेला.

मी दाराशी गेले. कुलूप. फटीला डोळा लावला. अंधार. पुन्हा तोच आवाज... आणि पाठीमागे पावलं.

“करुणाबाई?” नागसेन भिजून आला होता. हातात औषधाच्या बाटल्या.

“ही खोली उघडा.”

त्याचा चेहरा उतरला. “आज नका पाहू. उद्या दाखवतो.”

“काऊन? उद्यापर्यंत काय करनार हाय तुमी?”

“बाई, ऐका तं —”

“उघडा म्हनते ना मी!”

माझा आवाज फाटला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत काय होतं? भीती? की दुखावलेपण? मला ठरवता येईना, आणि त्या क्षणी जीव इतका घाबरा झाला की पळून जावंसं वाटलं. बाबांच्या मनूची काळजी तर होतीच... पण हा माणूसही खोटा निघाला तर? ते मला इतकं का लागावं?

त्यानं कुलूप काढलं.

पोत्यावर गयाबाईचा बोका पडला होता. पायाला पट्टी, पट्टीतून सलाइनची नळी. तोंडातून लाळ गळत होती. आणि त्याचे चारही पंजे... गुलाबी. रंगपंचमीला बुडवून काढल्यासारखे.

“पहाटे रस्त्याच्या कडेले सापडला,” नागसेन खालच्या आवाजात म्हणाला. “जगते का मरते, भरवसा नव्हता. गाव काय बोलून राह्यलं ते मलेही ऐकू येते, बाई. हा इथं मेला असता तं... तुमालेही वाटलं असतं का मीच...”

“मले काय वाटते, त्याचं एवढं काय?”

तो बाटलीचं झाकण फिरवत राहिला.

“लई काई हाय,” तो म्हणाला.

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण बोका पुन्हा कण्हला आणि आम्ही दोघंही एकदम खाली वाकलो.

“हा रंग कायचा?” मी विचारलं.

“कपाशीच्या बियाण्याचा. कीड लागू नये म्हून औषध चोळतेत ना, त्याचा. पायाले लागलं, यानं चाटलं, पोटात गेलं. बियाणं ठेवलं असंल तिथले उंदीरही तेच खात असतीन.” तो थांबला. “बाकीच्या मांजरी जिथं असतीन तिथं त्याही हेच चाटून राह्यल्या. आपल्यापाशी वेळ नाई, करुणाबाई.”

“पण पेरनी तं कवाच झाली. आता तं झाडाले बोंडं लागले!”

“तेच तं. आता या दिवसात बियाणं कोणापाशी असंल?”

“चंपतकाकांना इचारते,” मी उठले. “बियान्यातलं त्यायले सगळं कळते. ते आता आमच्याच घरी असतीन.”

“मी गाडी काढतो,” तो म्हणाला.

*

काका बाबांच्या उशाशी बसले होते. बिस्किट चहात बुडवून ओठांशी धरलं होतं. “खा ना रे भिवा... एवढा एक घास खा.” त्यांचा आवाज कातर झाला होता. बाबांनी तोंड फिरवलं.

मी विचारायला तोंड उघडलं, आणि माझी नजर त्या बिस्किटावर गेली. मग बिस्किट धरलेल्या बोटांवर. मग नखांवर.

नखांच्या कडा गुलाबी होत्या.

दारात नागसेन उभा होता, त्यानंही पाहिलं.

“काका... नखाले काय लागलं तुमच्या?”

त्यांनी झटकन मूठ मिटली. बिस्किटाचा चुरा बाबांच्या छातीवर पडला.

“कुठं काय? दुकानातलं असंल काई...”

“मनू कुठाय, काका?”

आई चुलीपुढून उठून आली. बाबांची मान हळूहळू, फार हळूहळू वळली. “म... नू?” ते म्हणाले. आणि त्यांनी आपल्या मित्राकडे पाहिलं.

त्या नजरेपुढे चंपतकाका टिकले नाहीत. साठीच्या त्या माणसानं मान खाली घातली.

“चार दिसासाठी नेली व्हती, पोरी... चार दिसानं आणून सोडनार व्हतो. तूच म्हनत व्हती ना, मनूसारखी उंदीर मारणारी मांजर साऱ्या वांकिडीत नाई...”

“पण नेली कुठं?”

“नाल्यापलीकडच्या खोलीत. मागच्या सालचं उरलेलं बियाणं हाय तिथं. नव्या तारखेच्या पिशव्यात भरून ठेवून राह्यलो व्हतो... पुढच्या साली इकाले. उंदरायनं पोती फोडली. कोनाले मांजर मागावं तं ते इचारीन, काऊन पायजे, कुठं नेता...”

“इथं रोज बसत व्हते तुमी,” आई म्हणाली. तिचा आवाज शांत होता, म्हणूनच भीती वाटली. “यायनं जेवन सोडलं, ते रोज पाहत व्हते, भाऊजी.”

“रोज वाटे, उद्या सोडतो. अन् उद्या उजाडला का भेव वाटे... कोनी पाह्यलं तं?”

त्यांनी बाबांचा हात धरायला हात पुढे केला. बाबांनी आपला डावा, चांगला हात उचलला आणि तो हात बाजूला सारला. जोरात नाही. पण काकांनी कंबरेची किल्ली काढून माझ्या पुढ्यात टाकली आणि ते जमिनीवर बसून रडू लागले.

*

नाल्याच्या रपट्यावरून, त्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होतं. राजदूत अलीकडेच ठेवावी लागली. लाल गढूळ पाणी, गुडघ्यापर्यंत, ओढ जबरदस्त.

“तुमी इथंच थांबा,” नागसेन म्हणाला.

“मनू तुमच्या हाकेले येनार नाई.”

त्यानं हात पुढे केला. या वेळी हातमोजा नव्हता. बोटं गार होती, पकड घट्ट.

“सोडू नका,” तो म्हणाला.

“तुमीच सोडू नका.”

मधोमध माझा पाय घसरला. त्यानं मला ओढून सरळ उभं केलं, आणि काठावर पोचल्यावरही हात लगेच सोडला नाही. सोडायचा असतो हे दोघांच्याही ध्यानात उशिरा आलं.

खोलीचं दार उघडलं तशी औषधाची उग्र घाण नाकात शिरली. जमिनीवर फुटक्या पोत्यांतलं गुलाबी बियाणं पसरलं होतं. कोपऱ्यात फकिराची पांढरी, पांढरी कसली, आता गुलाबीच, डोळे मिटून बसली होती. खिडकीच्या तुटक्या गजाकडे पाहून नागसेन म्हणाला, “बोका इथून निसटला.”

पण मनू नव्हती.

“मनू... मनूऽऽ...” मी हाका मारत राहिले. उत्तर नाही. पोत्यांमागे नाही, दारामागे नाही. माझ्या हाकेचं रडं कधी झालं, मला कळलं नाही. बाबांना काय सांगू? कसं सांगू?

“शू...” नागसेन आडवा झाला होता. पोत्यांखाली लाकडी फळ्या होत्या, त्यांच्या फटीत त्यानं खांद्यापर्यंत हात घातला. त्याचा गाल त्या घाणेरड्या जमिनीला टेकला होता. “हाय... मऊ लागलं काईतरी.”

“हलते का?”

त्यानं हात आणखी आत सरकवला.

त्यानं तिला बाहेर काढलं तेव्हा ती ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. मी पदर पसरला. पदरात तिचं वजनच लागेना.

“जिती हाय,” तो तिच्या छातीला कान लावून म्हणाला. “पण चला. पळा.”

दवाखान्यात आम्ही दोन्ही मांजरींचे पंजे साबणानं धुतले, पुन्हा पुन्हा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. त्यानं कोळशाची पूड पाण्यात कालवून थेंबथेंब पाजली, सलाइन लावलं. मी मनूचा पाय धरून बसले. तो मधूनच तिचा श्वास मोजायचा आणि पुन्हा बसायचा. मी विचारायचं टाळत होते. तो सांगायचं टाळत होता. आई येऊन आम्हांला भाकरी देऊन गेली. कुणी खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी कोवळं ऊन खिडकीतून आत आलं, तेव्हा माझा डोळा लागला होता. “आई गं!” अशा ओरडण्यानं जाग आली. नागसेन हात झटकत उभा होता, मनगटावर रक्ताची रेघ. आणि मनू... कान मागे टाकून त्याच्यावर फिस्कारत होती.

“वाचली!” तो ओरबाडलेला हात नाचवत म्हणाला. “माझ्यावर राग काढून राह्यली, म्हंजे वाचली!”

मी त्याच्या हातावर औषध लावलं. फार हळू लावलं... थोडं उगाचच हळू.

मनूला आम्ही बाबांच्या हातावर ठेवलं. पंजांना फडकी बांधलेली, अंगाला साबणाचा वास. बाबांची बोटं तिच्या पाठीवरून फिरत राहिली. मग त्यांनी आईकडे पाहून तोंड उघडलं. आई चमचा घेऊन धावली. अर्धी वाटी पेज पोटात गेली, तेव्हा आई चुलीमागे जाऊन हुंदके देऊन रडली.

*

चंपतकाकांनी स्वतःच चावडीत जाऊन सगळं कबूल केलं. बियाणं जप्त झालं, दुकान बंद पडलं. गयाबाई नागसेनची माफी मागायला गेली ती जिवंत कोंबडी घेऊन, आणि डॉक्टर टेबलावर चढला म्हणून गावभर हशा झाला. काका मात्र रोज संध्याकाळी आमच्या अंगणापर्यंत येत, आत न येता परत जात. एक दिवस बाबांनी त्यांना पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि डाव्या हातानं खाटेची कड थोपटली. काका येऊन बसले.

सगळं मार्गी लागलं. आणि माझी नवीच काळजी सुरू झाली.

आता दवाखान्यात जायला मला काही कारणच उरलं नव्हतं! मनू बरी होती. शोधायला कुणी नव्हतं. तोही येईना. पाऊस गेला, कपाशी फुटली, शेतं पांढरी झाली... तो येईना. त्याला नुसती दया आली असेल का माझी? ‘लई काई हाय’ म्हणाला होता, ते मी खोटंच ऐकलं का?

मग फकिराच्या हॉटेलातून बातमी आली. डॉक्टरची गुडीहत्नूरला बदली झाली. मावल्यात आई एकटीच असते त्याची, तिथून जवळ पडेल. त्यानं स्वतःच अर्ज केला होता म्हणे.

“डाक्टर आता येत नाई काऊन?” आईनं विचारलं.

“मले काय माहीत?” मी म्हणाले, आणि भाकरी करपली.

“मंग जाऊन इचार ना,” आई तव्याकडेच बघत म्हणाली.

मी गेले. मांजर नाही, वाटी नाही, काहीच नाही हातात. अंगणात म्हातारा धोंडीबा म्हैस घेऊन बसला होता. नागसेन टेबलाशी उभा. मला पाहून त्याच्या हातातली सुई तशीच राहिली.

“कोण आजारी हाय?”

“कोनीच नाई.”

“मंग?”

“मी... अशीच आली.”

बाहेर म्हैस रवंथ करत होती.

“जाऊन राह्यले म्हनते तुमी,” मी म्हणाले. “चांगलं हाय. आई एकटी असते तुमची. जायलेच पायजे. मी पण बाबाले सोडून कुठीच जाऊ शकत नाई, तवा समजते मले...” मी काय बोलत होते?

“मी अर्ज केला व्हता,” तो म्हणाला, “इथं आलो त्याच हप्त्यात. तवा इथं कोनी नव्हतं माझं. हुकूम आता आला.” त्यानं सुई खाली ठेवली. “परवा मावल्याले गेलो. आईले म्हनलं, मी नाई येत, तूच चल वांकिडीले. ती म्हने, असं काय हाय तिथं?”

“मंग... काय सांगितलं?”

“सांगितलं, एक बाई हाय. पण अजून तिले इचारलं नाई. भेव वाटून राह्यलं. तिच्या घरी आधीच एवढी काळजी... त्यात आपली कुठं भर टाकावी. म्हून पंधरा दिवस तिच्या गल्लीतूनही नाई गेलो.”

“ती बाई,” माझा आवाज मलाच ओळखू येईना, “ती पंधरा दिवस खिडकीतच उभी व्हती.”

त्यानं वर पाहिलं.

“करुणा,” तो म्हणाला. बाई नाही, नुसतं करुणा. “बदली रद्द करून घेतो, इथंच राहतो मी. तुझ्या बाबापाशी, माझ्या आईले घेऊन. माझ्यासंगं संसार करशील?”

“डाक्टरसाऽऽब!” बाहेरून धोंडीबा ओरडला. “म्हस उभी हाय ना!”

“उभी राहू द्या, मामा!” नागसेन माझ्यावरची नजर न काढता ओरडला.

“हो,” मी म्हणाले. फार बारीक म्हणाले असेन, कारण त्यानं “काय?” म्हणून विचारलं आणि मला ते पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. “हो!”



“हो म्हनली का बाई?” धोंडीबा म्हणाला. “चांगलं झालं बाप्पा. मंग आता तरी भाईर या. म्हशीले धराले मानूस नाई मले.”

नागसेन इतका हसला की त्याला सुईत औषध भरता येईना. मी पदर खोचला आणि पुढे झाले.

“द्या मामा, दोरी इकडं,” मी म्हणाले. “मी धरते.”